वेल एक, दावेदार तीन

कॅलिफोर्नियातल्या बागायतदारांनी झिनफंडेल हे द्राक्ष फार काळ आपलं, खास अमेरिकी वाण मानलं. त्यात एक अडचण होती. वाइनची द्राक्षं ज्या जातीत मोडतात ती ‘व्हिटिस व्हिनिफेरा’ मुळात अमेरिकेतली नाही. तिथली रानद्राक्षं वेगळ्या जातींची. म्हणजे झिनफंडेल कोणीतरी, कुठून तरी आणलेलं होतं. नेमकं कुठून, हे कळायला दीडशेएक वर्षं गेली.

या शोधाचं मर्म द्राक्षाच्या लागवडीत आहे. बी पेरून उगवलेली वेल आईसारखी निघत नाही. चव, उतारा, पिकण्याचा काळ, सगळंच बदलू शकतं. म्हणून बागायतदार पिढ्यान्‌पिढ्या बी न पेरता काडी लावत आले. त्यामुळे एका वाणाच्या जगभरातल्या वेली म्हणजे एकाच मूळ वेलीचा विस्तार असतो. फ्रान्समधल्या ऑर्लेआँ इथे उत्खननात मिळालेलं सुमारे ९०० वर्षांपूर्वीचं बी आजच्या सावान्यँ ब्लाँ या वाणाशी तंतोतंत जुळत असल्याचं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. काडी अशी शतकं ओलांडते. तिच्याबरोबर नाव मात्र टिकतंच असं नाही. काडी गाव बदलते तेव्हा नवा मालक तिला आपल्या सोयीचं नाव देतो.

झिनफंडेलच्या बाबतीत हेच झालं. १८२० च्या दशकात लाँग आयलंडवरच्या जॉर्ज गिब्ज या रोपवाटिकावाल्याने व्हिएन्नाच्या शाही संग्रहातून काड्या मागवल्या. तेव्हा दाल्मेशियाचा किनारा, म्हणजे आजच्या क्रोएशियाचा भाग, ऑस्ट्रियाच्याच साम्राज्यात होता. पुढे हे द्राक्ष बॉस्टनच्या काचघरांत खाण्यासाठी पिकवलं गेलं आणि १८५० च्या दशकात, सोन्याच्या शोधात निघालेल्या लोंढ्यापाठोपाठ, कॅलिफोर्नियात पोचलं. हंगेरीच्या अ‍ॅगोस्टन हाराझ्ती याने ते आणल्याची कथा त्याच्या मुलाने पसरवली. इतिहासकारांनी ती नंतर खोडून काढली.

पहिला धागा इटलीत सापडला. १९६७ मध्ये ऑस्टिन गोहीन हे अमेरिकी वनस्पतिरोगतज्ज्ञ दक्षिण इटलीतल्या पुलिया प्रांतात गेले असताना तिथलं प्रिमितिव्हो त्यांना झिनफंडेलसारखं वाटलं. डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कॅरोल मेरेडिथ यांनी १९९० च्या दशकात डीएनए तपासून दोन्ही एकच असल्याचं सिद्ध केलं. डीएनएमध्ये काही छोटे तुकडे पुन्हापुन्हा येतात आणि त्यांच्या आवर्तनांची संख्या वाणागणिक बदलते. अशा पुरेशा जागा जुळल्या की शंका उरत नाही. पण इटलीतही प्रिमितिव्होची नोंद अठराव्या शतकाअखेरीच्या मागे जात नव्हती. मूळ आणखी कुठेतरी होतं.

संशयाची सुई क्रोएशियाच्या प्लावात्स माली या वाणाकडे वळली. क्रोएशियात जन्मलेले आणि कॅलिफोर्नियात नावारूपाला आलेले वाइनतज्ज्ञ माइक गर्गिच यांना दोन्ही एकच वाटत होती. १९९८ मध्ये मेरेडिथ तिथे गेल्या. झाग्रेब विद्यापीठाचे इवान पेयिच आणि एदी मालेतिच यांच्या साथीने बेटं आणि किनारा धुंडाळून नमुने गोळा झाले. निकाल उलटाच आला. प्लावात्स माली हे झिनफंडेल नव्हतं. ते झिनफंडेल आणि दोब्रिचिच यांचं अपत्य होतं. मात्र अपत्य इथलं, म्हणजे दोन्ही आईबाप कधीतरी इथे असणारच. शोध चालू राहिला आणि २००१ च्या डिसेंबरात स्प्लिटजवळच्या काश्तेल नोवी गावातल्या एका जुन्या, मिश्र बागेतल्या त्स्रल्येनाक काश्तेलान्स्की या वेलीचा नमुना जुळला. तिथे अशा मोजक्याच वेली शिल्लक होत्या. स्प्लिटच्या संग्रहालयात जपलेल्या जुन्या वाळलेल्या पानांच्या तपासणीतून पुढे तिचं आणखी जुनं नाव हाती आलं: त्रिबिद्राग. या नावाच्या वाइनचे उल्लेख पंधराव्या शतकापासून मिळतात.

अशी नाती उलगडताना घराण्यांचा डौलही उतरतो. १९९७ मध्ये कळलं की कॅबर्ने सोव्हिन्यों हे कॅबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लां यांचं अपत्य आहे. दोन वर्षांनी शार्दोनेचे आईबाप समोर आले: एक खानदानी पिनो आणि दुसरं ग्वे ब्लां, जे हलकं म्हणून फ्रान्समध्ये हिणवलं गेलं होतं. चिलीत मर्लो म्हणून लावलेल्या अनेक वेली कार्मनेअरच्या निघाल्या. ते १९९४ मध्ये फ्रेंच तज्ज्ञ झाँ-मिशेल बूर्सिको यांनी वेली पाहूनच ओळखलं.

वेलीची ओळख प्रयोगशाळेत ठरते, नाव बाजारात. अमेरिकेत झिनफंडेल खपतं म्हटल्यावर इटलीच्या उत्पादकांना प्रिमितिव्होच्या बाटलीवर तेच नाव हवंसं वाटलं, आणि कॅलिफोर्नियाच्या उत्पादकांना ते खुपलं. जॅन्सिस रॉबिन्सन, ज्युलिया हार्डिंग आणि जोझे व्हुइयामोज यांनी २०१२ च्या ‘वाइन ग्रेप्स’ या १,३६८ वाणांच्या कोशात ही नोंद त्रिबिद्राग या नावाखाली केली. जुनं नाव आधी, हा न्याय. दुकानातल्या फळीवर मात्र झिनफंडेलच दिसतं.

नावाचा हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. नाशिकच्या बागांत झिनफंडेल आहे. म्हणजे दाल्मेशियाची ती वेल व्हिएन्ना, अमेरिका असा फेरा करून गोदाकाठी आली. खाण्याच्या द्राक्षाचंही तसंच. पश्चिम आशियातलं सुलतानिना, म्हणजेच किशमिश, कॅलिफोर्नियात विल्यम थॉम्प्सन यांच्या नावाने थॉम्प्सन सीडलेस झालं. त्याच्याच वेगळे घड देणाऱ्या फांद्यांच्या निवडीतून तासगाव भागात तास-ए-गणेश आणि सोलापूरच्या नान्नजला सोनाका आले. नावं आपली, मूळ दूरचं. दोन्हीचा अभिमान धरायला हरकत नाही. मात्र वेगळा घड देणारी फांदी हेरणाऱ्या शेतकऱ्याचं नाव, गाव आणि साल त्याच हंगामात लिहून ठेवायला हवं. क्रोएशियाच्या संशोधकांना मूठभर वेली आणि वहीत चिकटवलेली पानं तरी मिळाली. आपल्या जुन्या बागा मोडण्याआधी बागायतदारांनी निदान दोन काड्या आणि चार ओळींची नोंद पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे जरूर पोचवावी.