जुन्या संगणकाची रॅम वाढवताना



"संगणक फार हळू चालतो, नवा घ्यावा का?" असे पालक नेहमी विचारतात. मी सांगतो, आधी रॅम पाहा. मात्र जुन्या संगणकाला कोणतीही रॅम चालत नाही. एकदा मी नमुना न नेताच रॅम विकत आणली आणि ती खोबणीत बसेना. चूक माझीच होती. आदिलाबादहून हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर. बदलून आणायला पुन्हा जाणे परवडत नाही. म्हणून हा लेख.

हार्डडिस्क म्हणजे धान्याचे कोठार, तर रॅम म्हणजे खळे. कोठारात माल कितीही असो, काम होते ते खळ्यावर मावेल तेवढ्यावरच. खळे लहान असले की पोती सारखी आत-बाहेर करावी लागतात आणि संगणक मंदावतो.

खरेच गरज आहे का? नेहमीचे काम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी जवळजवळ भरलेली दिसली, तर रॅम वाढवून फायदा होईल. मेमरी मोकळी असून डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल, तर तोच पैसा एसएसडीवर खर्च करावा.

प्रकार कोणता? साधारण २००५ ते २०१० च्या संगणकांत डीडीआर-२, त्यानंतरच्यांत डीडीआर-३ आणि २०१५ नंतरच्यांत बहुधा डीडीआर-४ आढळते. डीडीआर-२ आणि डीडीआर-३ या दोन्हींना २४० पिना असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. एकीला १.८ व्होल्ट लागतात, दुसरीला १.५. म्हणून न बसणारी पट्टी कधीही जोराने दाबू नये. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, ती डेस्कटॉपला चालत नाही.

मर्यादा किती? अंथरूण पाहून पाय पसरावेत. इंटेलच्या जी-३१ चिपसेटचा मदरबोर्ड जास्तीत जास्त ४ जीबी घेतो, जी-४१ चा ८ जीबी आणि एच-६१ चा १६ जीबी. बोर्डाचे नाव त्याच्यावरच छापलेले असते. सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रामही ते दाखवतो. विंडोज ३२-बिट असेल, तर ४ जीबी बसवूनही साधारण ३ जीबीच वापरात येते. त्यासाठी ६४-बिट विंडोज हवे.

वेग. १३३३ आणि १६०० अशा दोन पट्ट्या एकत्र लावल्या, तर दोन्ही १३३३ नेच चालतात. नुकसान होत नाही. पण एकसारख्या दोन पट्ट्यांची जोडी उत्तम.

स्वस्ताचा मोह. सर्व्हरमधून काढलेली 'ईसीसी रजिस्टर्ड' रॅम स्वस्त मिळते, पण ती साध्या संगणकात चालत नाही. काही स्वस्त पट्ट्यांवर 'फक्त एएमडीसाठी' असे लिहिलेले असते. त्या इंटेलच्या बोर्डावर चालत नाहीत. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर वाढले, म्हणून असा मोह अधिकच होतो.

बसवताना संगणक बंद करून प्लग काढावा. आपल्याकडे हिवाळ्यात हवा कोरडी असते, अंगात स्थिर वीज साठते. म्हणून आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावावा. दोन्ही बाजूंच्या खटक्यांचा 'टक्' आवाज आला म्हणजे पट्टी बसली. सुरू करताच सारखे बीप वाजले, तर बंद करून पट्टी काढावी, सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसावी आणि पुन्हा बसवावी.

विश्वस्तांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि नवा प्रोसेसर लागतो. केवळ रॅम वाढवून वर सांगितलेले जुने बोर्ड त्याला पात्र ठरत नाहीत. तरी पुरेशी रॅम आणि मोफत लिनक्स एवढ्यावर टंकलेखन, हिशेब आणि मुलांचा सराव उत्तम चालतो. चालते यंत्र भंगारात देण्यापूर्वी एवढा विचार व्हावा.

सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरला जा की नागपूरला, खिशात एक चिठ्ठी असू द्या: बोर्डाचे नाव, रॅमचा प्रकार, वेग, रिकाम्या खोबण्या आणि बोर्डाची कमाल मर्यादा. शक्य असल्यास जुनी पट्टी कागदात गुंडाळून सोबत न्या. बिल आणि वॉरंटी मागायला संकोच करू नका.

विद्यार्थ्यांनो, घरच्या संगणकाची ही चिठ्ठी तुम्हीच तयार करा. झाकण उघडताना मात्र मोठ्यांपैकी कोणीतरी जवळ असू द्या.

— मुख्याध्यापक