आजचा चहा आजच!

‘एकदा पोस्ट निघू दे, मग जगूच की!’ पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसत असाल, तर हे वाक्य तुमचंही असेल. पूर्व, मुख्य, मुलाखत... आणि यादीत नाव नसलं की पुन्हा पूर्व. यात वर्षं जातात, आनंद तेवढा पेंडिंग! पण संध्याकाळी अमृततुल्यवर जाताच ना? तिथे तरी कट-ऑफचा विषय नको. पितळी पातेल्यात उकळणारा चहा, आलं-वेलदोड्याचा वास, फडक्यातून गाळताना उठणारी वाफ... बघा जरा. रविवारी मेसला फीस्ट असली की मित्राच्या ताटातली पुरी हक्काने पळवा. (तोही तुमचा गुलाबजाम सोडणार नाहीच म्हणा!) रात्री आईचा फोन आला, की टेस्टचे मार्क राहू द्यात. पुरी कुणाची पळवली, ते सांगा.