भांडण मिटलं, पण न्यायाचं काय?

कोनहून बोलतोय. आपलं पनवेलजवळचं कोन, कल्याण-भिवंडीच्या मधलं नव्हे. मध्येच जुन्या हायवेचे ट्रक ऐकू येतील, त्याला इलाज नाही. वाचणाऱ्यांसाठी आजचा भाग थोडा आवरून लिहिलाय.

मागे आपण श्रीलंकेच्या यादवीवर बोललो होतो. त्यानंतर अनेकांचा एकच प्रश्न आला : युद्ध संपतं, पण माणसं तिथेच राहतात ना? ज्यानं घर जाळलं तो समोरच्याच गल्लीत राहत असेल तर त्याच्याशी पुन्हा बोलायचं कसं? आणि बोलायला लागलो, तर त्याच्यावरच्या केसचं काय करायचं?

उत्तरासाठी लांब जायच्या आधी मुंबईला जाऊ. मुंबईत यादवी झाली नाही, दंगल झाली. दोन्ही एकच नाहीत. पण प्रश्न तोच आहे, आणि तो आपल्या दाराशी आहे. आमच्या कोनमध्ये गिरणी कामगारांची वसाहत आहे. २०१६ साली म्हाडाची २,४१७ घरांची लॉटरी निघाली, ती हीच. इथे आलेली कुटुंबं मूळची गिरणगावातली. त्या पिढीतल्या कुणालाही 'ब्याण्णव' एवढंच म्हणा, पुढचं सांगावं लागत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा जन्मलेही नसाल, म्हणून थोडक्यात सांगतो. ६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. मुंबईत डिसेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारीत दंगल झाली. ९०० माणसं गेली : ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ जणांची ओळख पटली नाही, ५ इतर. यातली ३५६ माणसं पोलिसांच्या गोळीबारात मेली. हा आकडा एकदा थांबून परत वाचा. मग १२ मार्च १९९३ ला बॉम्बस्फोट झाले, त्यात २५७ जण गेले.

आता मुद्द्यावर येऊ. अशा हिंसेनंतर दोन कामं उरतात. एक म्हणजे समेट, शेजाऱ्यांनी पुन्हा बोलायला लागणं. दुसरं म्हणजे न्याय : कुणी काय केलं ते ठरवणं आणि त्याला जबाबदार धरणं. आपण ही दोन्ही कामं एकाच पिशवीत टाकतो. माझं म्हणणं असं की पहिलं काम माणसं करू शकतात, दुसरं फक्त सरकारच करू शकतं. मुंबईत माणसांनी आपलं काम बऱ्यापैकी केलं.

सुरुवात भिवंडीची. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे गाव बदनाम झालं होतं. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात हिंदू-मुस्लिमांच्या समित्या बसवल्या. त्यात पुढाऱ्यांपेक्षा साधी माणसं जास्त, आणि बीटवरचा पोलीस त्यांच्यासोबत. नळ, गटार, किरकोळ भांडणं हेच विषय. म्हणजे दंगलीचा विषय निघायच्या आधी माणसं चार वर्षं गटारावर बोलत होती! डिसेंबर ९२ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. खोपडेंच्या पुस्तकाचं नावच आहे 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?'

मग मुंबईनं तोच धडा उचलला. पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकारातून मोहल्ला कमिटी चळवळ उभी राहिली. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान ही जोडी होती. वकारभाईंनी चार मुलांना चार धर्मांच्या वेशात उभं करून फोटो काढला आणि त्याचं 'हम सब एक हैं' पोस्टर केलं. आज आपल्याला ते शाळेच्या गॅदरिंगसारखं वाटेल. पण दंगलीनंतरच्या धारावीत ते पोस्टर दुकानात लावायलाही हिंमत लागत असणार. या दोघांवर 'नाता' नावाचा माहितीपट आहे, जरूर शोधा.

हा झाला समेट. न्यायाची गोष्ट जरा लांबलचक आहे.

जानेवारी १९९३ मध्ये सरकारनं मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा चौकशी आयोग नेमला. जानेवारी १९९६ मध्ये युती सरकारनं तो गुंडाळला, मे महिन्यात पुन्हा सुरू केला, आणि बॉम्बस्फोटांचा विषयही त्यात घातला. फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल आला. त्यात शिवसेनेच्या नेत्यांवर ठपका होता आणि ३१ पोलिसांची नावं होती. सरकारनं तो हिंदूविरोधी म्हणून नाकारला. पुढे विरोधक सत्तेत आले, तेव्हाही फार काही हललं नाही. दोन्हीकडची सरकारं या बाबतीत सारखीच, असं मी तरी म्हणेन.

इथे एक कायदेशीर गोष्ट समजून घ्या, कारण बातम्यांत ती कुणी सांगत नाही. चौकशी आयोग म्हणजे कोर्ट नव्हे. १९५२ च्या कायद्यानं त्याचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. शिवाय आयोगापुढे साक्षीदारानं जे सांगितलं, ते फौजदारी खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. म्हणजे सत्य छापून येतं, पण त्यावरून कुणाला शिक्षा व्हायची तर पोलिसांनी वेगळा तपास करायचा. आणि तपास करणार कोण? ज्यांच्यावर ठपका आहे तेच खातं.

स्फोटांच्या खटल्यात टाडा कोर्टानं १०० जणांना दोषी ठरवलं. दंगलीच्या खटल्यांत शिक्षा बोटांवर मोजण्याइतक्या. २००८ मध्ये शिवसेनेचे माजी खासदार मधुकर सरपोतदार यांना एक वर्षाची शिक्षा झाली, ती मोठी बातमी ठरली, यावरूनच काय ते समजा. स्फोटवाल्यांना शिक्षा झाली हे योग्यच. पण एकाच शहरातल्या दोन गुन्ह्यांचे दोन हिशेब असतील, तर मोहल्ला कमिटीच्या सतरंजीवर बसलेला माणूस मनात काय म्हणत असेल?

आता बाहेर बघू. दक्षिण आफ्रिकेनं सौदा केला. १९९५ चा कायदा, आर्चबिशप डेस्मंड टुटू अध्यक्ष : राजकीय गुन्हा केला असेल तर सगळ्यांसमोर पूर्ण खरं सांगा, माफी मिळू शकेल. सुमारे ७,००० अर्ज आले, माफी मिळाली ८४९ जणांना. पोलीस कोठडीत मारल्या गेलेल्या स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबानं या माफीलाच कोर्टात आव्हान दिलं आणि ते हरले. रवांडानं उलट केलं : गावागावात गवतावर 'गचाचा' न्यायालयं भरवली, आपल्याकडे पारावर बसावं तशी. दहाएक वर्षांत जवळपास १९ लाख खटले निकाली काढले. त्यात वकील नव्हते, सत्ताधाऱ्यांच्या सैनिकांचे गुन्हे त्यात आले नाहीत, टीका भरपूर झाली. तरी दोन्ही देशांनी काहीतरी ठरवलं. मुंबईत माफीही नाही, शिक्षाही नाही.

श्रीलंकेचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं, ते बेपत्ता माणसांमुळे. तिथे २०१६ मध्ये बेपत्तांसाठी कार्यालयाचा कायदा झाला, आणि तरी किलिनोच्चीत तमिळ आया २०१७ पासून फोटो घेऊन रस्त्याकडेला बसल्या. बेपत्ता म्हणजे मृत्यूचा दाखला नाही. दाखला नाही म्हणजे भरपाई नाही, वारसाहक्क अडकलेला. आपल्या कायद्यात सात वर्षं माणसाचा ठावठिकाणा लागला नाही, तरच त्याला मृत मानता येतं.

मुंबईच्या दंगलीत असे १६८ जण बेपत्ता होते. ६० जणांच्या कुटुंबांना भरपाई मिळाली, १०८ राहिली. ४ नोव्हेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टानं यावर निकाल दिला. तीन न्यायमूर्तींच्या पीठात आपले ठाण्याचे अभय ओक होते. निकाल असा की दंगलीच्या काळात लोकांचं रक्षण करण्यात सरकार कमी पडलं. उरलेल्या कुटुंबांना शोधून २ लाख रुपये द्या, २२ जानेवारी १९९९ पासून ९ टक्के व्याजासह. मी हिशेब केला : निकालाच्या दिवसापर्यंत एकूण सव्वासहा लाखांच्या आसपास होतात. आमच्या इथलं गिरणी कामगाराचं घर लॉटरीत सहा लाखांचं होतं. पण वारस सापडले तर! तीस वर्षांत चाळी पडल्या, पत्ते बदलले, माणसं पार कोनपर्यंत आली.

त्याच निकालात एक आकडा आहे : ९७ खटले 'डॉरमंट फाइल'वर. आरोपी सापडत नाही म्हणून कोर्ट खटला बंद न करता कपाटात ठेवतं, ती ही फाइल. कोर्टानं सांगितलंय की या खटल्यांची यादी सरकारला द्या, आणि सरकारनं आरोपी शोधायला खास कक्ष नेमावा. १९९२ मध्ये पंचविशीत असलेला आरोपी आज साठीच्या घरात असेल. त्याला ओळखणारा साक्षीदार असला, तर तोही.