एकत्व भावना आणि दापुऱ्याचा डेबूजी

ज्या घरात बारा भावनांचे चिंतन होते, त्या घरातील मुलांच्याही कानांवरून 'एकत्व' हा शब्द गेलेला असतो. परंतु त्याचा अर्थ विचारला, तर बहुधा दोन निरनिराळी उत्तरे मिळतात. व्याख्यानांतून आणि ध्यानशिबिरांतून ऐकलेले उत्तर असे, की एकत्व म्हणजे चराचराशी एकरूप होणे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायातील बारा अनुप्रेक्षांमध्ये मात्र अनित्य, अशरण आणि संसार यांच्यानंतर जी एकत्व भावना येते, तिचा आशय याच्या उलट दिशेचा दिसतो. जीव एकटाच जन्मतो, एकटाच मरतो आणि आपल्या कर्माचे फळ एकटाच भोगतो, हे ती शिकवते. तिच्या पाठोपाठ येणारी अन्यत्व भावना तर देह आणि आप्तजनही आत्म्याहून भिन्न आहेत, असे सांगते.

एकाच शब्दाने एका अर्थी जोडावे आणि दुसऱ्या अर्थी वेगळे करावे, याचा उलगडा कसा करायचा? प्रत्येक जीव एकटा आहे असे मानणारा धर्म इतर जीवांशी एकतेचा अनुभव देऊ शकतो काय? हा प्रश्न केवळ शास्त्रचर्चेचा नाही. दुसऱ्याचे दुःख आपल्याला का लागावे, याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे.

चैतन्य एक, की अनेक?

अद्वैत वेदान्ताच्या मते चैतन्य मुळात एकच आहे. अनेकत्व हा भास आहे. जैन दर्शन हे मानत नाही. त्याच्या मते जीव अनंत आहेत आणि मुक्तीनंतरही प्रत्येक जीवाचे स्वतंत्र अस्तित्व कायम राहते. सिद्धांच्या अवस्थेसाठी दिव्यांचा दृष्टान्त दिला जातो. एका खोलीत अनेक दिवे लावले, तर त्यांचा प्रकाश एकमेकांत मिसळतो, कोणाचा उजेड कुठे संपतो हे सांगता येत नाही. तरी दिवे निरनिराळेच असतात.

मग समानता कशात? ती लक्षणात. जीवाचे लक्षण उपयोग, म्हणजे जाणण्याची आणि पाहण्याची शक्ती. ही शक्ती एकेंद्रिय वनस्पतीत अत्यंत झाकलेली असते, मुंगीत थोडी अधिक उघडी असते आणि मनुष्यात पुष्कळ उघडी असते. झाकण कमी-जास्त आहे. आतली वस्तू त्याच जातीची आहे. हत्तीचा आत्मा मोठा आणि मुंगीचा लहान असे नसून, दिव्याचा प्रकाश जसा खोलीएवढा पसरतो किंवा मडक्याएवढा आवरला जातो, तसा आत्मा देहाप्रमाणे संकोच-विस्तार पावतो. श्वेतांबर आगमांपैकी स्थानांगसूत्र आरंभीच आत्म्याला 'एक' म्हणते, ते संख्येने नव्हे. संग्रहनयाने, म्हणजे सर्व जीवांच्या समान स्वरूपाकडे पाहून.

या भूमिकेचा एक फार मोठा नैतिक परिणाम आहे. समोरचा जीव माझेच रूप असेल, तर त्याचे दुःख माझ्यातच विरून जाते. पण तो स्वतंत्र असेल, तर त्याचे दुःख खरोखर त्याचे आहे. ते त्याला एकट्याला सोसावे लागते. ते मला प्रत्यक्ष भोगता येत नाही. माझ्याजवळ ते ओळखण्याचे एकच माप आहे, आणि ते म्हणजे माझा स्वतःचा अनुभव. मला चटका बसला की वेदना होते, म्हणून त्यालाही होत असणार. यालाच आत्मौपम्य म्हणतात. आचारांगसूत्रात भगवान महावीरांचा उपदेश याच पायावर उभा आहे: मारू पाहणाऱ्याने मारल्या जाणाऱ्याच्या जागी आधी स्वतःला ठेवून पाहावे.

कर्माचे खाते संयुक्त नसते. त्यात दुसऱ्याच्या नावाने भरणा होत नाही आणि दुसऱ्याच्या सहीने पैसे निघत नाहीत. हे ज्याला मनापासून पटले, त्याला प्रत्येक जीव आपल्यासारखाच आपला हिशेब एकट्याने पुरा करीत आहे, हे दिसू लागते. एकत्व भावनेतील एकटेपणा येथे दुसऱ्याच्या एकटेपणाला भेटतो. त्या भेटीतून उमलते ती मैत्री.

स्वभाव आणि विभाव

"काय करणार, माणसाचा स्वभावच तसा," असे आपण सहज म्हणतो. राग, अभिमान, कपट आणि लोभ यांना आपण मनुष्यस्वभाव समजतो. जैन परिभाषेत हे चारही कषाय आहेत आणि ते विभाव आहेत. वस्तूचा स्वभाव हाच तिचा धर्म, ही आचार्यांची व्याख्या आहे. चुलीवरचे पाणी हात भाजण्याइतके तापते, पण उष्णता हा पाण्याचा स्वभाव नव्हे. ती अग्नीच्या संयोगाने आली. पाणी उतरवून ठेवले, की ते आपोआप निवते. त्यासाठी वेगळा प्रयत्न लागत नाही, विस्तव तेवढा दूर करावा लागतो.

'माझे' आणि 'परक्याचे' ही रेघही अशीच संयोगाने आलेली आहे. ती पुसण्यासाठी नवे काही मिळवावे लागत नाही. आचार्य कुंदकुंदांनी समयसारात आत्म्याचे वर्णन करताना 'एकत्व' आणि 'विभक्त' हे दोन शब्द जोडीने योजले आहेत. जो आपल्या स्वरूपाशी एक झाला, तोच परभावांपासून वेगळा झाला. आणि रागद्वेषापासून वेगळा झालेला जीवच इतर जीवांकडे निर्मळ दृष्टीने पाहू शकतो. अठ्ठेचाळीस मिनिटांची सामायिक ही या दृष्टीची रोजची तालीम होय.

कारंज्याची पोथी

हा विचार वऱ्हाडच्या मातीला नवा नाही. मूर्तिजापूरहून यवतमाळकडे जाणारी अरुंद मापाची 'शकुंतला' गाडी ज्या कारंज्यावरून जात असे, ते कारंजा (लाड) आज वाशीम जिल्ह्यात असले, तरी इंग्रजी अमदानीत मूर्तिजापूर तालुक्यातच मोडत असे. काष्ठासंघ, सेनगण आणि बलात्कारगण या तीन परंपरांची जुनी मंदिरे तेथे आहेत आणि त्यांच्या शास्त्रभांडारांनी शतकानुशतके हस्तलिखिते जपली. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात अध्यापन करणारे डॉ. हीरालाल जैन यांनी या भांडारांचे महत्त्व विद्वानांच्या ध्यानात आणून दिले. पुढे १९३९ पासून षट्खंडागमाचे धवला टीकेसह प्रकाशन त्यांच्याच संपादनाखाली अमरावतीहून सुरू झाले.

कारंज्याच्या अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमालेत १९३३ साली डॉ. हीरालाल जैन यांनी एक लहानसा अपभ्रंश ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला. तो म्हणजे मुनी रामसिंह यांचा 'पाहुडदोहा'. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या या ग्रंथाचा विषय आत्मानुभव हाच आहे. तीर्थामागून तीर्थे हिंडणाऱ्याचे अंग धुतले जाते, मन तसेच राहते. डोके मुंडले, पण चित्त मुंडले नाही, तर काय साधले. ज्याला देवळात शोधता, तो देहातच वसतो, असा त्याचा सूर आहे. जैन मुनींनी जैनांनाच केलेली ही कानउघाडणी आहे, हे विशेष.

दापुऱ्याचा डेबूजी

ज्या वर्षांत ही पोथी कारंज्याला छापली गेली, त्याच वर्षांत याच परिसरातील वाटांवरून एक निरक्षर माणूस हातात खराटा घेऊन हिंडत होता आणि अगदी याच आशयाचे प्रश्न लोकांना वऱ्हाडी बोलीत विचारीत होता. त्याने पाहुडदोहा वाचला नव्हता. तो वाचूच शकत नव्हता. तो जैनही नव्हता. कीर्तन आणि गोपाळाचे भजन ही त्याची परंपरा. परंतु एकत्वाचा अनुभव आचरणात उतरला म्हणजे तो कसा दिसतो, हे पाहायचे असेल, तर मूर्तिजापूर तालुक्यात संत गाडगेबाबांकडेच पाहावे लागते.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे, परीट कुटुंबात झाला. दारूच्या व्यसनाने वडील अकाली गेले आणि आई सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला आली. मामाच्या घरी डेबूजीने गुरे राखली, नांगर धरला, पेरणी-मळणी केली. सावकारी कर्जात मामाची जमीन गेली, ते दुःखही त्याने जवळून पाहिले. मुलीच्या बारशाला जातभाईंना मटण आणि दारू देण्याची रीत होती. ती मोडून त्याने गोडाधोडाचे शाकाहारी जेवण वाढले. उपदेश करण्याच्या कितीतरी आधी त्याने आपल्या घरच्या पंगतीपासून आरंभ केला होता.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. हाती काठी आणि मातीचे फुटके गाडगे. त्याच गाडग्यात खायचे, त्यातच पाणी प्यायचे. गावात शिरले की आधी गल्ल्या झाडायच्या, नाल्या मोकळ्या करायच्या आणि रात्री कीर्तनात माणसांच्या मनांतला केर काढायचा. पूर्णाकाठच्या ऋणमोचनाला पौषातल्या यात्रेत भाविक चिखलात घसरत. बाबांनी तेथे आधी फावडे चालवले, मग घाट बांधून घेतला. देवापुढे बोकड कापणाऱ्यांना ते विचारीत, की ज्याने बोकडाला जन्म दिला, त्यालाच त्याचे रक्त कसे आवडेल? शिवाशीव पाळणाऱ्यांना विचारीत, की दोन माणसांची जात वेगळी, हे डोळ्यांना दिसते तरी कुठे?

१९२५च्या सुमारास त्यांनी मूर्तिजापूर येथे गोरक्षणाचे कार्य उभे केले, धर्मशाळा आणि विद्यालयही उभारले. या तिन्ही गोष्टी एकाच गावात, एकाच माणसाच्या हातून झाल्या, यात त्यांच्या दृष्टीचा सारा अर्थ आहे. पांजरापोळ आणि गोशाळा यांना आश्रय देणे ही जैन समाजाची जुनी परंपरा आहे. बाबांच्या हिशेबात मात्र भाकड गाय, थकलेला वाटसरू आणि शिक्षणाविना राहिलेले मूल ही तीन वेगळी खाती नव्हती. ज्या करुणेने गाईला चारा घालायचा, त्याच करुणेने अस्पृश्य मानलेल्या माणसाला पाटावर बसवायचे. पंढरपुरात त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, ती याच बुद्धीने. इतकी लाखमोलाची कामे उभी केली, पण त्यांतील काहीही स्वतःच्या नावावर ठेवले नाही. आपल्या कुटुंबीयांनाही या संस्थांचा लाभ घेऊ दिला नाही. कोणाला शिष्य म्हटले नाही, पायावर डोके ठेवू दिले नाही. अपरिग्रह हा शब्द त्यांनी उच्चारला नसेल. त्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता.

खारेपाटणची रात्र

५ मे १९२३ रोजी बाबा त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील खारेपाटण येथे कीर्तन करीत असताना त्यांचा एकुलता एक मुलगा गोविंदा वारल्याची बातमी आली. आजवर अशी कोट्यवधी माणसे गेली, मग एकासाठीच काय रडावे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले आणि कीर्तन पुढे चालू ठेवले.

या प्रसंगाकडे कठोर वैराग्याचा नमुना म्हणून पाहिले जाते. परंतु मायेचा झरा आटलेला माणूस पुढे मुंबईत, मोठ्या रुग्णालयाजवळ, परगावाहून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधत नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या बापाची रात्र कशी जाते, हे ज्याला कळते, त्यालाच ते सुचते. खारेपाटणला बाबांचे दुःख संपले नव्हते. त्याला घरापुरती असलेली भिंत पडली होती. मुलगा एकटा आला, एकटा गेला, ही एकत्व भावना. आणि जे माझ्या दारी आले ते प्रत्येक दारी आले आहे, ही त्याच भावनेची दुसरी बाजू. दोन्ही अर्थ तेथे एकाच क्षणी एकाच मनात भेटले.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेले जात असताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. मागे उरलेल्या त्यांच्या स्वतःच्या वस्तू हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

कसोटी आपल्या उंबरठ्याशी

एकतेच्या अनुभवाची आज पुष्कळ चर्चा होते. डोळे मिटून बसल्यावर काही क्षण सीमा विरघळल्यासारख्या वाटतात आणि साधकाला धन्यता वाटते. त्या अनुभवाला कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्याची पावती ध्यानात मिळत नाही. डोळे उघडल्यावर जे पहिले माणूस समोर येते, त्याच्याशी होणाऱ्या वागण्यात मिळते. पर्युषणाच्या शेवटी दूरदूरच्या परिचितांना क्षमायाचनेचे संदेश जातात. ज्या सख्ख्या भावाशी वाटणीवरून बोलणे बंद आहे, त्याच्या घराची पायरी चढली जाते काय? जीवदयेच्या निधीत नाव लिहिले जाते. घरकामाला येणाऱ्या बाईचा कप मात्र अजून वेगळा ठेवला जातो काय? पाणी गाळताना सूक्ष्म जीवांची जी काळजी घेतली जाते, ती शब्द बोलताना घेतली जाते काय?

हे प्रश्न अवघड आहेत, कारण त्यांची उत्तरे प्रत्येकाला एकट्यानेच द्यावी लागतात. ती दुसऱ्याच्या वतीने देता येत नाहीत. एकत्व भावनेचा पहिला अर्थ येथे आपले काम करतो. आणि उत्तर प्रामाणिक असेल, तर दुसरा अर्थ फार दूर राहत नाही. भाऊ दार उघडतो, कामाच्या बाईसाठी त्याच कपबशीत चहा ओतला जातो. त्या घटकेपुरता तरी एका दिव्याचा प्रकाश दुसऱ्या दिव्याच्या प्रकाशात मिसळतो.