टाळेबंदीतले विद्यार्थी आणि पुण्यातल्या खानावळी

पुण्यातल्या सदाशिव, नारायण या पेठांत कॉट बेसिसवर राहणाऱ्या विद्यार्थ्यांचे जेवण महिन्याचे पैसे भरून लावलेल्या मेसवर चालते. अनेक खोल्यांत स्वयंपाकाला परवानगी नसते. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली, बहुतेक मेस बंद पडल्या आणि ही घडी विस्कटली. महाविद्यालयांची वसतिगृहेही रिकामी करण्यात आली. एप्रिलमधली राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढे गेली; तिची नवी तारीख कळेना, म्हणून तयारी करणारे अनेकजण शहरातच अडकले.

त्यांच्या वाट्याला आलेली अन्न असुरक्षितता म्हणजे निव्वळ उपासमार नव्हे. पुढचे जेवण मिळेल का ही धास्ती, मग स्वस्त व एकसुरी आहार, नंतर घास कमी करणे आणि शेवटी जेवणाची वेळ चुकवणे, अशा पायऱ्यांनी ती वाढते. चहा-बिस्किटे आणि झटपट नूडल्सवर दिवस निघाला, तर पोट भरल्यासारखे वाटते. पण डाळ, भाजी, फळे सुटतात आणि प्रथिने व लोह कमी पडते.

सरकारी मदत या मुलांपर्यंत सहज पोचत नव्हती, हा खरा दोष. मोफत धान्य शिधापत्रिकेवर मिळे आणि त्यांचे नाव गावाकडच्या पत्रिकेत असे. शिवाय कच्चा तांदूळ चुलीविना काय कामाचा? त्यापेक्षा राज्य सरकारची स्वस्त शिवभोजन थाळी उपयोगी होती: दोन चपात्या, भाजी, वरण, भात. टाळेबंदीत तिचा दर १० रुपयांवरून ५ रुपये झाला आणि तिला शिधापत्रिका लागत नसे.