भाकरी दुपारपर्यंत मऊ कशी राहील?

सकाळी थापलेली ज्वारीची भाकरी दुपारी बांधावर फडके सोडून पाहावी, तो ती कडक झालेली असते. धडधाकट माणूस ती चावून खातो. म्हातारी माणसे मात्र अर्धी ठेवून उठतात. कष्टाने पिकवलेले धान्य असे वाया जाऊ नये, म्हणून भाकरी कडक का होते हे आधी समजून घेऊ.

पुष्कळांना वाटते की भाकरीतले पाणी उडून जाते म्हणून ती कडक होते. हे कारण अर्धेच आहे. बूसँगो या फ्रेंच शेतीशास्त्रज्ञाने १८५२ साली दाखवून दिले, की पावातले पाणी उडू दिले नाही तरी तो शिळा होतो आणि पुन्हा तापवला की मऊ होतो. पिठातला स्टार्च भाजताना पाणी शोषून फुगतो. निवल्यावर तो पुन्हा आवळून बसतो. ही क्रिया फ्रिजच्या गारव्यात फार लवकर होते. म्हणून त्याच दिवशी खायची भाकरी किंवा चपाती फ्रिजमध्ये ठेवू नये.

पीठ आणि मळणे : ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते व भाकरी थापताना चिरते. म्हणून आठवड्यापुरतेच दळण आणावे. पाण्याला उकळी आणून त्यात चवीपुरते मीठ व मावेल तेवढे पीठ घालावे, झाकून दहा मिनिटे ठेवावे आणि हाताला सोसवेल इतके निवाले की तळहाताने चांगले मळावे. उकड काढल्याने स्टार्च आधीच पाणी धरतो.

चपातीची कणीक सैलसर भिजवून अर्धा तास झाकून ठेवावी. मळताना थोडे तेल घालावे. तवा चांगला तापलेला असावा. मंद आचेवर चपाती फार वेळ राहून वाळते.

ठेवणे : तव्यावरून काढलेली भाकरी लगेच डब्यात कोंडू नये. वाफेचे पाणी होऊन खालची भाकरी चिकट होते. मिनिटभर वाफ जाऊ द्यावी, मग स्वच्छ सुती फडक्यात गुंडाळून दुरडीत किंवा डब्यात ठेवावी. गरम भाकरी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये.

पुन्हा मऊ करणे : कडक भाकरीवर पाण्याचा हात फिरवून ती तापल्या तव्यावर झाकण घालून गरम करावी. साधारण ६० अंशांच्या वर तापली की आवळलेला स्टार्च पुन्हा सैल होतो. मात्र ती लगेच खावी. निवल्यावर पुन्हा कडक होते.

मऊ म्हणजे चांगली असे नव्हे : ओलसर चपाती उन्हाळ्यात व पावसाळ्यात लवकर बिघडते. आंबूस वास, तार सुटणे किंवा बुरशीचा ठिपका दिसला तर ती टाकून द्यावी. बुरशी खरवडून उरलेला भाग खाऊ नये. तिचे धागे आत गेलेले असतात, आणि काही बुरशींचे विष तापवल्यानेही जात नाही. अशी भाकरी गुरांना वा कोंबड्यांनाही घालू नये. विकतच्या पाकिटातील चपात्या बुरशी रोखणारे द्रव्य घातल्यामुळे टिकतात; त्यावरील तारीख पाहावी व पाकीट फोडल्यावर लवकर संपवाव्यात. अनेक दिवसांसाठी ठेवायच्या तर बर्फाच्या कप्प्यात ठेवाव्यात. तेथे त्या गोठतात आणि शिळेपणा जवळजवळ थांबतो.

भाकरी बरेच दिवस टिकवायचीच असेल, तर बेळगाव, विजापूर, सोलापूर भागातली जुनी रीत उत्तम. पातळ थापून, खरपूस भाजून पूर्ण वाळवलेली कडक भाकरी कोरड्या डब्यात कित्येक दिवस राहते, कारण पाणी नाही तेथे बुरशी धरत नाही. ती दह्यात किंवा आमटीत कुस्करली की दात नसलेल्या आजीलाही सहज खाता येते.