कमी किमतीच्या वाइनची पारख : बंगळुरू परिसरातील द्राक्षवाणांच्या आधारे

द्राक्ष उत्पादक आपल्या मालाची गोडी रिफ्रॅक्टोमीटरवर अचूक मोजतो. त्याच द्राक्षांपासून तयार झालेली वाइन मात्र अनेकांच्या परिचयाची नसते. वाइनरीला माल पुरविणाऱ्या शेतकऱ्यासाठी ही उणीव आर्थिक स्वरूपाची आहे. वाइन वाणांचे मणी लहान, बियांचे व जाड सालीचे असतात. त्यांना खाण्याच्या द्राक्षांच्या बाजारात फारसा उठाव नसतो. 2008 नंतर वाइनची मागणी मंदावली, तेव्हा नाशिक परिसरातील अनेक शेतकऱ्यांना अशा बागा काढून टाकाव्या लागल्या. ज्या मालाचा ग्राहक एकच असतो, त्या मालाचा अंतिम दर्जा उत्पादकाला स्वतः ओळखता आला पाहिजे. या अभ्यासासाठी महागड्या बाटल्यांची गरज नाही.

बंगळुरूचे दोन द्राक्षगट

बंगळुरू ग्रामीण, चिक्कबळ्ळापूर व कोलार या जिल्ह्यांत बंगलोर ब्ल्यू हे वाण शतकाहून अधिक काळ घेतले जाते. त्यास भौगोलिक मानांकनही प्राप्त आहे. करपा रोगास दाद न देणारे हे वाण अमेरिकी लॅब्रुस्का वंशाशी नाते सांगते. त्यामुळे त्यास जांभळ्या द्राक्षरसासारखा उग्र गंध असतो. 'पोर्ट' या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक स्वस्त, गोड वाइनमध्ये याच वाणाचा वापर होतो.

दुसरा गट युरोपीय व्हिनिफेरा वाणांचा. नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी दोड्डबळ्ळापूरजवळ ग्रोव्हर व्हिनयार्ड्सची स्थापना 1988 मध्ये झाली आणि कॅबर्ने सोव्हिन्यो, शिराझ यांसारख्या वाणांना या परिसरात स्थान मिळाले. सुमारे 900 मीटर उंचीमुळे येथील रात्री थंड असतात व मण्यांतील आम्लता टिकण्यास मदत होते. कर्नाटकाने 2007 मध्ये द्राक्षप्रक्रिया व वाइन धोरण जाहीर केले; महाराष्ट्राचे असे धोरण 2001 चे आहे. हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने बंगलोर ब्ल्यूच्या संकरातून अर्का श्याम, अर्का हंस व अर्का तृष्णा ही वाणे विकसित केली आहेत.

लेबल कसे वाचावे

लेबलवर द्राक्षवाण, हंगामाचे वर्ष, उत्पादनाचे ठिकाण व अल्कोहोलचे प्रमाण पाहावे. वाणाचा उल्लेख नसलेल्या बाटलीपासून नवख्या व्यक्तीस फारसे शिकता येत नाही. 'ड्राय' म्हणजे ज्यात साखर जवळजवळ उरलेली नाही अशी वाइन. युरोपीय वर्गवारीत 'गोड' वाइनमध्ये लिटरमागे किमान 45 ग्रॅम साखर असते.

सर्व साखर आंबली असे धरल्यास ब्रिक्सला 0.55 ने गुणून अल्कोहोलचा अंदाज येतो. 22 ब्रिक्सच्या मालापासून सुमारे 12 टक्के, तर 24 ब्रिक्सच्या मालापासून सुमारे 13 टक्के अल्कोहोल मिळते. म्हणजे बाटलीवरील हा आकडा बऱ्याच अंशी काढणीच्या दिवशीच ठरलेला असतो.

परदेशी वाइनवर दीर्घकाळ 150 टक्क्यांपर्यंत आयातशुल्क आकारले गेले आहे. त्यामुळे त्याच किमतीच्या परदेशी वाइनपेक्षा देशी वाइनमध्ये बहुधा अधिक दर्जा पदरी पडतो. कमी किमतीच्या पांढऱ्या वाइन साठवून ठेवण्यासाठी नसतात. अलीकडच्या हंगामाची बाटली घ्यावी आणि उन्हात मांडलेली टाळावी.

जोडीने चाखावे

एकेक वाइन स्वतंत्रपणे चाखण्यापेक्षा दोन शेजारी ठेवल्यास फरक लवकर कळतो. पुढील तीन जोड्या उपयुक्त ठरतात :

1. बंगलोर ब्ल्यूची गोड वाइन व शिराझची ड्राय वाइन : वंश व साखर यांतील फरक कळतो. यात ड्राय वाइन आधी चाखावी.
2. शेनिन ब्लाँ व सोव्हिन्यो ब्लाँ : पहिलीत सफरचंदासारखा, तर दुसरीत पेरू, गवत वा ढोबळी मिरचीसारखा गंध जाणवतो.
3. एकाच वाणाची नंदी परिसरातील व नाशिकची वाइन : प्रदेशाचा परिणाम लक्षात येतो.

पांढरी वाइन 8 ते 12 अंश, तर लाल वाइन 16 ते 18 अंश सेल्सिअसला चाखावी. प्रथम रंग पाहावा, नंतर गंध घ्यावा, मग लहान घोट तोंडात फिरवून थुंकून टाकावा. मद्यसेवन आरोग्यास अपायकारक आहे आणि परीक्षणासाठी घोट गिळण्याची आवश्यकता नसते. एका बाटलीत दहा-बारा जणांच्या गटाचे प्रशिक्षण होऊ शकते. प्रत्येकाने आपले निरीक्षण चर्चेपूर्वी लिहून ठेवावे.

चवीतून बागेकडे

पातळ चव व फिका रंग हे बहुधा वेलीवरील जादा घडांचे किंवा काढणीपूर्वी दिलेल्या जादा पाण्याचे लक्षण असते. कॅबर्नेमध्ये हिरव्या मिरचीचा तीव्र गंध आला, तर माल अपक्व असावा. चव सपाट लागली, तर काढणी लांबून आम्लता घटली असण्याची शक्यता असते. व्हिनेगरचा वास किंवा पांढऱ्या वाइनला आलेला तपकिरी रंग हे मात्र सहसा प्रक्रियेतील वा साठवणुकीतील दोष असतात. त्यांचा ठपका सुदृढ माल देणाऱ्या शेतकऱ्यावर येऊ नये.

हा भेद ओळखता येणारा उत्पादक वाइनरीशी केवळ वजन व ब्रिक्स यांवर बोलत नाही. करारात ब्रिक्सबरोबर आम्लता व सामू यांच्या मर्यादा, मोजणीची पद्धत, काढणीची तारीख ठरविण्याचा अधिकार आणि माल नाकारण्याची कारणे लेखी असावीत, असा आग्रह तो धरू शकतो. विस्तार कार्यकर्त्यांनी फळछाटणीपूर्वीच्या मेळाव्यात अशा परीक्षणाचा समावेश केल्यास हंगामाचे निर्णय घेताना त्याचा उपयोग होईल.